अँबॅसडरला इंजेक्शन बसवायचंय? इंजेक्टर सगळ्यात शेवटी विकत घ्या

गोव्यातल्या डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारलंय. वडिलांची १९७२ ची अँबॅसडर मार्क २, जीडी नंबरची (गोवा-दमण-दीवच्या जुन्या नोंदणीची), १४८९ सीसी पेट्रोल इंजिन, त्यावर सोलेक्सचा एका घशाचा कार्बोरेटर. त्रास असा: उन्हात बाजारात पंधरा-वीस मिनिटं उभी केली की सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पण गाडी चालू होत नाही. चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरवर धापा टाकते. पंपावर ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आल्यापासून हे दोन्ही वाढलंय. कुणीतरी सल्ला दिला, कार्बोरेटर काढून टाक, इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसव, सगळं सुटेल. त्यांचा प्रश्न: बसवू का, कुठलं किट घेऊ, आणि घाटात बंद पडली तर काय करू?

बसवता येतं, आणि नीट बसवलं तर गाडी सुरेख चालते. पण तुमच्या तक्रारी इंजेक्शनशिवायही बऱ्याच सुटण्यासारख्या आहेत. त्या न सोडवता इंजेक्शन बसवलंत तर जुनं दुखणं तसंच राहील आणि वर चार नवी येतील. म्हणून किटचं नाव शेवटी, आधी गाडीकडे बघू.

गरम गाडी चालू न होण्याची तपासणी फुकटात होते. गाडी फिरवून आणा, उन्हात उभी करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग सेल्फ न मारता एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा. मधल्या नोझलमधून पेट्रोल थेंब थेंब गळत असेल आणि खाली थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या) पाकळीवर ओल चकाकत असेल, तर फ्लोटच्या वाटीतलं (कार्बोरेटरच्या आतल्या छोट्या साठ्यातलं) पेट्रोल तापून वर येतंय आणि मेनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) सांडतंय. इंजिन ओव्हरफ्लो झालेलं आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. पंप करत बसलात तर आणखी पेट्रोल ओताल. उलट घसा कोरडा असेल आणि ॲक्सिलरेटर हलवल्यावर बारीक नळीतून पिचकारी येतच नसेल, तर वाटीतलं पेट्रोल उडून गेलंय. बहुतेक वेळा त्याच्या जोडीला इंजिनला चिकटलेल्या मेकॅनिकल पंपातही वाफ धरलेली असते.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) या बी-सिरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला आहेत. कार्बोरेटर बसतो तो जवळजवळ तापलेल्या एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या डोक्यावर. गाडी चालू असते तेव्हा वारा आणि ताजं पेट्रोल त्याला थंड ठेवतं, बंद केली की खालची सगळी धग वर चढते. त्यात इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर त्याचा बराचसा भाग कमी तापमानाला उडायला लावतं. मे महिन्यातल्या डिचोलीच्या उन्हात आणखी काय होणार?

उपाय साधे. कार्बोरेटरखाली आठ-दहा मिलिमीटर जाडीचा बेकलाइटचा स्पेसर, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग, त्यासाठी लांब स्टड. बॉनेट बंद होतंय ना ते आधी बघून घ्या. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवायचा. एवढ्यावर निम्म्याहून अधिक गाड्या सुधारतात, असा माझा अनुभव.

आता घाट. चोर्ल्याची उंची आठशे मीटरच्या आसपास. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने आठ-नऊ टक्के कमी, त्याने कार्बोरेटर थोडा रिच होतो (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पण गाडीने धापा टाकाव्यात एवढा नाही. दोष दुसरीकडे असतो. डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) स्पार्क वेगानुसार आधी आणणारी ॲडव्हान्सची वजनं गंजून अडकलेली असतात, व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटलेला असतो, टाकीतल्या गंजाने जाळी तुंबलेली असते. आणि ई२० मुळे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालेलं असतं, हे आता जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत दिसतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, ई२० ला साधारण १३.५ पट. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक मात्र तेवढंच. घनतेतला फरक धरूनही मिश्रण सुमारे ७ टक्के लीन पडतं. मूळ जेट आधीच काटकसरीचा असेल, तर फुल लोडवर इंजिन तापणारच.

सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा तुमच्यात १२५ चा मेन जेट आहे. पेट्रोलचा प्रवाह व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १३० चा जेट टाकला की साधारण ८ टक्के वाढ मिळते. म्हणजे ई२० चं उत्तर एका छोट्या पितळी जेटमध्ये आहे. तो भोकात सुई घालून मोठा करायचा नसतो, नंबराचा जेट विकत घ्यायचा असतो. हे सांगावं लागतं, कारण सुई घालणारे मेस्त्री अजून आहेत.

याच वेळी ई२० ला न टिकणारं रबर बदला: पंपाचा डायफ्राम, जुने काळे पाइप, कॉर्कची पॅकिंगं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात दोन-तीन महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी तळाला साठतं आणि टाकी आतून गंजते. चवथीला गाडी बाहेर काढायची असेल, तर पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवलेली बरी.

हे सगळं केल्यावर गाडी तुम्हाला आवडली तर थांबा. महिन्यातून दोनदा रविवारी फिरवायच्या गाडीला इंजेक्शनची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज चालवायची, पावसात चालवायची, घाट चढवायची, घरातल्या कुणीही किल्ली फिरवली की चालू व्हावी अशी हवी असेल, तर पुढे वाचा. ताकद वाढेल या आशेने मात्र करू नका. हे इंजिन मुळात ५० अश्वशक्तीच्या आसपासचं, ते तेवढंच राहणार. मिळतो तो शहाणपणा: थंड असताना चोक नको, गरम असताना रुसणं नको, चढावर मिसिंग नको.

कागदपत्रांचं आधी बघा, कारण तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, नंबरात व्हीए अक्षरं येतात ती. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. तेव्हा ठरवा, गाडी मिरवायची की चालवायची. चालवायची असेल तरी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच: नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. हात घालण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. आणि माझ्याकडे काम आलं तर माझी अट असते, काहीही कापायचं नाही, मूळ भागाला भोक पाडायचं नाही. दुसरा मेनिफोल्ड भंगारातून मिळवायचा आणि काम त्याच्यावर करायचं. जुना कार्बोरेटर, पंप, डिस्ट्रिब्युटर तेल लावून खोक्यात. उद्या मुलाला गाडी मूळ रूपात हवी झाली, तर दोन दिवसांत परत होते.

आता किटचा प्रश्न, आणि इथे अँबॅसडर इतर गाड्यांहून वेगळी पडते. आजच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इनलेट पोर्ट असतो, त्याच्या तोंडाशी एक इंजेक्टर. एमपीएफआय म्हणतात ते हेच. बी-सिरीजच्या हेडमध्ये चार सिलिंडरना मिळून इनलेट पोर्ट दोनच आहेत. एक आणि दोन नंबर एका पोर्टातून श्वास घेतात, तीन आणि चार दुसऱ्यातून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे पहिल्या पोर्टात आधी दोन नंबर ओढतो आणि लगेच अर्ध्या फेऱ्यात एक नंबर. मग दीड फेरा तो पोर्ट गप्प. दुसऱ्यात तीनच्या पाठोपाठ चार. एकाच ताटात दोन भाऊ, एक आधी हात घालणार, दुसरा त्याच्या तोंडचं ओढणार. अशा पोर्टाच्या तोंडाशी इंजेक्टर बसवून वेळ न साधता फवारा मारलात, तर एक सिलिंडर रिच आणि दुसरा लीन होतो. एक्झॉस्टमधला सेन्सर दोघांची सरासरी दाखवतो, त्यामुळे स्क्रीनवर सगळं आलबेल, आणि आत एक पिस्टन भाजतोय.

विलायतेत मिनीच्या ए-सिरीज इंजिनात हीच अडचण होती, पोर्टांची रचना तीच. कंपनीने आधी, १९९१ मध्ये, कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी बसवून त्यात एकच इंजेक्टर दिला. दोन पोर्टांना दोन इंजेक्टर देण्याचं काम १९९६ मध्ये झालं, तेही फवाऱ्याची वेळ काटेकोर जुळवून. कारखान्याला जे सावधपणे करावं लागलं, ते आपण गॅरेजात अंदाजाने करू नये. तुमच्या गाडीला थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच घ्या: जुन्या कार्बोरेटरच्या जागी एक थ्रॉटल बॉडी, पाकळीच्या वर एक किंवा दोन इंजेक्टर, खालचा मेनिफोल्ड तोच. एक्झॉस्टच्या धगीने मेनिफोल्ड गरम राहतो ते इथे उपयोगी पडतं, पेट्रोल भिंतीला चिकटून राहत नाही. पद्मिनी, जुनी मारुती किंवा बीटल असती तर मी वेगळं सांगितलं असतं. हेड बघितल्याशिवाय कुणाचंही किट कुणालाही बसत नाही.

थ्रॉटल बॉडीचा एक बारकावा, ज्यात पुष्कळ जण फसतात. पोर्ट इंजेक्शनमध्ये प्रेशर रेग्युलेटरला मेनिफोल्डच्या व्हॅक्यूमची नळी जोडतात, कारण इंजेक्टर त्या व्हॅक्यूममध्ये फवारतो. थ्रॉटल बॉडीत इंजेक्टर पाकळीच्या वर, मोकळ्या हवेच्या दाबात असतो. तिथे रेग्युलेटरची नळी उघडीच ठेवायची. जोडलीत तर आयडलिंगला दाब उगाच पडतो आणि ट्युनिंग करणारा डोकं धरून बसतो.

थ्रॉटलचं तोंड जुन्या ३२ च्या मानाने फार मोठं घेऊ नका, ३६ मिलिमीटरच्या आसपास पुरे. मोठं घेतलं तर ॲक्सिलरेटरला पाय लागताच गाडी उसळते आणि बाजारातल्या गर्दीत चालवणं नकोसं होतं.

इंजेक्टरचा हिशेब असा. ५० अश्वशक्तीला, दर अश्वशक्तीमागे ताशी २२५ ग्रॅम पेट्रोल धरून, ताशी सव्वाअकरा किलो लागेल, म्हणजे १५ लिटरच्या आसपास, मिनिटाला २५५ मिली. ई२० साठी थोडं वाढवून २७५ धरा. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांपर्यंत ठीक. दोन इंजेक्टर असतील तर प्रत्येकी १७०-१७५ येतात, म्हणून मिनिटाला १८० ते २०० मिलीचा इंजेक्टर, ३ बारला. बाजारात स्पोर्ट्स म्हणून ५०० आणि ६०० चे विकतात. ते घेतले तर आयडलिंगला फवाऱ्याचा वेळ एक मिलिसेकंदावर येतो, आणि इंजेक्टरला नुसतं उघडायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. मग आयडलिंग कधीच स्थिर होत नाही, आणि दोष ईसीयूवर (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) जातो.

ईसीयू कुठला? अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी उभा केलेला मेगास्क्वर्ट किंवा आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारा स्पीडुइनो, दोन्ही या कामाला भरपूर आहेत. माहिती उघडी आहे, वर्षानुवर्षं लोक वापरताहेत, आणि लॅपटॉप जोडला की आत काय चाललंय ते दिसतं. ज्याच्या सेटिंगमध्ये आपल्याला डोकावता येत नाही असा बंद डबा जुन्या गाडीला घेऊ नका, मग तो कितीही चकचकीत असो.

आता कामाचा क्रम. मी तो असा ठेवतो की प्रत्येक टप्प्यानंतर गाडी चालती राहते.

सगळ्यात आधी इंजिन. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवं, टॅपेट सेट केलेले, आयडलिंगला व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांत स्थिर. काटा थरथरत असेल तर आधी व्हॉल्व्ह बघा. मेनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर हा व्हॅक्यूम वाचूनच पेट्रोल ठरवणार आहे. त्याला खोटी माहिती दिलीत तर तो खोटंच पेट्रोल देईल. फाटक्या रिंगांच्या इंजिनाला इंजेक्शन बसवणं म्हणजे शुद्ध पैसे वाया.

मग वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रण रिच की लीन ते मोजणारा) आणि मीटर, कार्बोरेटर असतानाच. एक्झॉस्टचे फाटे जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे बंग (सेन्सर बसवायची आट्यांची बोंडी) वेल्ड करून घ्या. सेन्सर आडव्याच्या वर निदान दहा अंश कललेला असावा, नाहीतर पाइपात जमणारं पाणी त्याच्यावर साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. त्याच्या आधी एक्झॉस्ट कुठे फुसफुसत असेल तर मीटर खोटं लीन दाखवेल. आणि मीटर लॅम्डावर ठेवा: १ म्हणजे पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढी हवा, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. १४.७ चा आकडा साध्या पेट्रोलचा. ई२० वरही मीटर १४.७ दाखवेल, पण त्याचा अर्थ फक्त लॅम्डा १ एवढाच. या आकड्यांवरून गॅरेजात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट करंट. तुमच्या गाडीत अजून डायनामो असेल तर तो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. हाय प्रेशर पंप पाच-सात अँपिअर खातो, सेन्सरचा हीटर, इंजेक्टर, ईसीयू धरून दहा-पंधरा. त्यात पावसात वायपर आणि दिवे. मारुतीचा आल्टरनेटर ब्रॅकेट करून बसतो. आणि अर्थिंग! ईसीयू आणि सेन्सरचं अर्थ एकाच जागी, थेट इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून. बॉडीच्या पत्र्यावर विसंबू नका. खाऱ्या हवेत पन्नास वर्षं काढलेल्या पत्र्याचे सांधे करंटसाठी कामाचे राहिलेले नसतात.

चौथा टप्पा स्पार्क. बहुतेक जण हा टप्पा गाळतात, आणि माझ्या मते अर्धं यश इथेच आहे. पेट्रोल कार्बोरेटरवरच ठेवून आधी फक्त इग्निशन ईसीयूकडे द्या. पुढच्या पुलीवर ३६ दात, त्यातला एक गाळलेला, असं चक्र बसवायचं. बेळगाव-कोल्हापूरकडचा चांगला लेथवाला करून देतो. चक्र लंगडत फिरायला नको. ते दात मोजणारा हॉल सेन्सर (हाच क्रँक सेन्सर) एका जाड, न थरथरणाऱ्या ब्रॅकेटवर, दातापासून एक मिलिमीटरच्या आत. दोन तोंडांच्या दोन कॉइल, त्याने एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्यांना एकत्र स्पार्क मिळतो, कॅमचा सेन्सर लागत नाही. पॉइंट, कंडेन्सर, झिजलेला डिस्ट्रिब्युटर, सगळ्यांना रजा. रेझिस्टरचे प्लग आणि विजेचा खरखराट दाबणाऱ्या वायरी घ्या, साध्या तांब्याच्या वायरींनी सेन्सरचा सिग्नल बिघडतो. टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण आणि लॅपटॉपवरचा आकडा जुळवा. जुळला की महिनाभर गाडी चालवा. तुमच्या घाटातल्या धापा इथेच बऱ्याच कमी होतील. सिग्नल पावसात, खड्ड्यांत, गरम इंजिनात टिकतो की नाही तेही कळेल, आणि टिकला नाही तर दोष कुठे शोधायचा हे माहीत असेल. स्पार्क आणि पेट्रोल एकदम बदललं की बंद पडलेल्या गाडीत कुणाला धरायचं ते कळत नाही.

मग पेट्रोलची वाट. यात घाई अजिबात नको, कारण आग इथून लागते. मेकॅनिकल पंपाचा दाब चार-पाच पीएसआयचा, इंजेक्शनचा ३ बार म्हणजे चव्वेचाळीस. साध्या पाइपातली जी चीर आजवर फक्त ओलसर दिसत होती ती आता तापलेल्या एक्झॉस्टवर पिचकारी मारेल. पाइप एसएई जे३० आर९ लिहिलेलाच घ्यायचा, क्लॅम्प इंजेक्शनचे गोल कडेचे, रबर न कापणारे. चासीखालची पत्र्याची जुनी नळी पूर्ण बदला. खाण भागातली लाल धूळ आणि चिखल तिच्या क्लिपांखाली बसून ती बाहेरून गंजवतो, आणि वरून बघून ते कळत नाही.

टाकी उतरवून आतून साफ करून घ्या. गंज पंपाच्या आधीच्या जाड जाळीत अडकला पाहिजे, पंपानंतर दहा मायक्रॉनचा फिल्टर. दुसरी अडचण वळणांची. जुन्या टाकीत पेट्रोल आडवं पळू नये म्हणून पुरेसे आडोसे नसतात. कार्बोरेटरच्या वाटीत शिल्लक असतं म्हणून आजवर घाटाच्या वळणावर काही जाणवलं नाही. इंजेक्शनचा पंप एक घोट हवा ओढतो आणि इंजिन त्याच क्षणी गप्प होतं, नेमकं वळणावर, मागे खनिजाचा ट्रक. म्हणून मागे एक लिटरभराचा सर्ज टँक: छोटा लो प्रेशर पंप टाकीतून त्याला भरतो, हाय प्रेशर पंप त्यातून ओढतो, परतीचं पेट्रोल त्यातच येतं आणि जास्तीचं वरून टाकीत जातं. पेट्रोल सतत फिरतं राहिल्याने वाफ धरायची कटकटही मिटते. पंपाच्या वायरीत इनर्शिया स्विच हवाच, धडक बसली की पंप बंद. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीयू पंप बंद करतो, तेही प्रत्यक्ष करून बघा.

ईसीयू इंजिनजवळ ठेवायचा नाही. डॅशबोर्डखाली, पण कॉउलमधून (पुढच्या काचेखालच्या पत्र्यातून) पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यापासून दूर, कनेक्टरचं तोंड खाली. वायरी त्याच्यात शिरण्याआधी खाली झोका घेतील अशा ठेवा, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी तिथेच गळेल. कनेक्टर सीलबंद, टोकं क्रिंप केलेली. आणि उंदरांचा बंदोबस्त. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरलेला उंदीर एका रात्रीत महिन्याचं काम कुरतडतो.

आता कुठे थ्रॉटल बॉडी. ट्युनिंगला रस्ता मोकळा हवा. सकाळी लवकर साखळीहून केरीच्या दिशेने निघालात तर सपाट आणि चढ दोन्ही मिळतात. चालवणारा एक, लॅपटॉपवर दुसरा. एकट्याने दोन्ही करायला जाऊ नका. आधी पूर्ण गरम इंजिनचं आयडलिंग, जुन्या इंजिनांना लॅम्डा ०.९५ च्या आसपास आवडतं. मग एकसारख्या वेगाला १. मग चढावर फुल लोडला ०.८६ ते ०.८८, इथे कंजुषी नाही. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर लागणारं जादा पेट्रोल त्यानंतर. सेन्सर बघून आपोआप सुधारणा करणारी सोय दहा टक्क्यांच्या मर्यादेत ठेवा. मर्यादा नसेल तर मेनिफोल्डचं फाटलेलं पॅकिंगसुद्धा ती महिनोन्‌महिने झाकून ठेवते.

थंड स्टार्टचा आपल्याकडे त्रास नाही, गोव्यात थंडी ती काय. गरम स्टार्टचा आहे, आणि तुमची मूळ तक्रार तीच, म्हणून हे नीट वाचा. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कार्बोरेटरच्या जागेजवळ बसवला, तर उभ्या गाडीत तो एक्झॉस्टच्या धगीने तापतो. ईसीयूला वाटतं हवा फार गरम आणि विरळ, तो पेट्रोल कापतो, आणि गाडी पुन्हा बाजारात रुसते. सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी, बाहेरची हवा येते तिथे बसवा. शिवाय तापमानानुसार पेट्रोल कापायचा तक्ता वरच्या टोकाला सौम्य करा.

घाटात बंद पडली तर? कार्बोरेटर कुरकुरत, मिसिंग करत घरी आणतो. इंजेक्शन चालतं ते उत्तम चालतं आणि थांबतं ते एकदम थांबतं. डिकीत एक रिले, फ्यूज, एक क्रँक सेन्सर, हाय प्रेशर पंप, हातभर आर९ पाइप आणि दोन क्लॅम्प ठेवा. वायरिंगचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून, मोबाइलमध्ये नको, चोर्ल्याला रेंज जाते. गाडी थांबली की आधी किल्ली फिरवून मागे कान द्या. पंप दोनेक सेकंद गुणगुणला पाहिजे. आवाजच नसेल तर फ्यूज आणि रिले, मग इनर्शिया स्विच उडालाय का ते बघा. खड्ड्याच्या दणक्याने उडतो. आवाज आहे आणि बॉनेटखालचा पेट्रोलच्या दाबाचा गेज ३ बार दाखवतोय, तर सेल्फ मारताना लॅपटॉपवर आरपीएम हलतो का पाहा. दोन-तीनशे दाखवला तर क्रँकचा सिग्नल येतोय, पुढे कॉइल आणि इंजेक्टरचे फ्यूज बघा. शून्यावरच राहिला तर क्रँक सेन्सर बदला: एक कनेक्टर, एक-दोन बोल्ट, आणि गॅप मोजायला फीलर गेज.